हिरवळ, पार आणि कट्टा : महाविद्यालयाच्या आवारातील मोकळ्या जागेचे वाचन

मराठी कादंबरीत कॉलेज पुष्कळ आहे. कॉलेजची बाग मात्र जवळजवळ नाही. वसतिगृहाची खोली आहे, खाणावळ आहे, कँटीन आहे, स्नेहसंमेलनाचा रंगमंच आहे, वर्गातला शेवटचा बाक आहे. पण मुख्य इमारतीसमोर जी नीट आखलेली असते, माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर जी हमखास छापलेली असते आणि जिच्यावर माळ्याची रोजची मेहनत खर्ची पडते, ती मधली हिरवी जागा आपल्या साहित्यात शोधावी लागते. सापडलीच तर दोन ओळींच्या वर्णनात सापडते आणि पात्रे तिच्या कडेने निघून जातात.

निसर्गाविषयी मराठी लेखक उदासीन आहेत, असे म्हणता येणार नाही. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'पासून मारुती चितमपल्लींच्या अरण्यलेखनापर्यंत आपल्याकडे निसर्गाचे बारकाईने वाचन झालेले आहे. कोकणातली आगरे, विदर्भातले जंगल, माणदेशातला माळ हे सगळे मराठी वाक्यांत आले. कॉलेजच्या कुंपणाआतली हिरवळ तेवढी आली नाही. असे का झाले असावे, या प्रश्नापासून मी सुरुवात केली. मी मराठी शिकवते, कोपरीत राहते आणि गेली अनेक वर्षे महाविद्यालयाच्या आवारात दिवसाचा मोठा भाग घालवते. त्यामुळे हा प्रश्न पुस्तकांतून जसा आला, तसा खिडकीतूनही आला. माझे उत्तर आधीच सांगते. आपल्या लेखकांनी ही जागा लिहिली नाही, कारण विद्यार्थी तिथे बसलेलेच नव्हते. साहित्यातली ही गैरहजेरी म्हणजे एक अचूक नोंद आहे आणि समीक्षेने ती नोंद म्हणूनच वाचायला हवी.

कादंबरीतली माणसे कुठे बसतात?

'कोसला' (१९६३) ही आपल्याकडची विद्यार्थिजीवनाची सर्वांत महत्त्वाची कादंबरी. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहात राहतो, खानावळीच्या आणि संमेलनाच्या कारभारात अडकतो, मित्रांबरोबर टेकड्यांवर भटकतो. त्याचे मन मोकळे होते ते आवाराच्या मागे किंवा आवाराबाहेर. मुख्य इमारत आणि तिच्यासमोरची शोभा ही त्याच्या दृष्टीने 'त्यांची' जागा आहे: प्राचार्यांची, पाहुण्यांची, समारंभांची.

सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' (१९८२) वेगळ्या जातीची, लोकप्रिय वळणाची कादंबरी. समीक्षकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही; विद्यार्थ्यांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या ती हातोहात वाचली. पुण्याच्या एस. पी. कॉलेजभोवती फिरणाऱ्या या कथेचे केंद्र आहे कट्टा. टोळीला नाव मिळते ते कट्ट्यामुळे. दोस्ती, दुश्मनी, प्रेम, उधारी या सगळ्यांचा हिशेब कट्ट्यावर होतो. २०१३ साली आलेल्या चित्रपटानेही हा कट्टा जपला, कारण तो काढला तर कथेला बसायला जागाच उरत नाही.

मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'तली (२००४) मुले अजून महाविद्यालयात पोचलेली नाहीत. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र जमतात ते एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत. तिला मालक असेल, पण हटकणारे कोणी नाही. त्या वयातली सगळी कुजबुज, सगळे तत्त्वज्ञान आणि सगळा चावटपणा तिथे फुलतो.

तीन कादंबऱ्या, तीन लेखक, तीन वेगळ्या जाणिवा. पण तिन्हींत एक गोष्ट समान आहे. तरुण मुले ज्या जागेवर जीव लावतात ती जागा संस्थेने त्यांच्यासाठी केलेली नसते. टेकडी, कट्टा, अपुरी इमारत या त्यांनी स्वतः पकडलेल्या जागा आहेत. फडके-युगातल्या कादंबरीत कॉलेज हे प्रेमकथेचे सुखद नेपथ्य होते. नेपथ्य म्हणून तिथे बाग चालून जाई, कारण नेपथ्यात कोणाला बसायचे नसते. साठोत्तरी कादंबरीने नेपथ्य काढून टाकले आणि माणसे खरोखर कुठे बसतात हे पाहिले, तेव्हा बाग आपोआप गळाली.

हिरवळ कोणाची?

'कॅम्पस' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ मैदान. महाविद्यालयाच्या आवारासाठी तो वापरायची रीत अठराव्या शतकात अमेरिकेत, प्रिन्स्टन येथे पडली. त्याआधीपासून ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये चारही बाजूंनी इमारती आणि मध्ये कातरलेले गवत अशी रचना होती. त्या गवताचे वैशिष्ट्य असे की ते सगळ्यांना दिसे, पण त्यावरून चालण्याचा हक्क मोजक्यांना असे.

या हक्कावरचे सर्वांत धारदार भाष्य एका लेखिकेने केले आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२८ साली केंब्रिजच्या दोन स्त्री-महाविद्यालयांत दिलेल्या व्याख्यानांतून 'अ रूम ऑफ वन्स ओन' (१९२९) हे पुस्तक झाले. त्यात निवेदिका विचारांच्या तंद्रीत विद्यापीठातल्या हिरवळीवरून चालू लागते आणि तिथला कर्मचारी धावत येऊन तिला थांबवतो. हिरवळ फेलो आणि स्कॉलर मंडळींची. तिची जागा खडीच्या वाटेवर. गवताचे काही नुकसान झालेले नसते. पण ती जो विचार धरू पाहत असते, तो त्या क्षणी निसटतो. आपल्याकडे या पुस्तकाची चर्चा 'स्वतःच्या खोली'वर थांबते. तिच्याआधी एक नाकारलेली हिरवळ आहे, हे वाचताना सहसा सुटते. वुल्फ यांना खोली मागावी लागली, त्याआधी त्यांना मोकळ्या जागेतून हटवले गेले होते.

आपली विद्यापीठे या परंपरेतूनच आली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. फोर्टमधल्या त्याच्या इमारती गिल्बर्ट स्कॉट या इंग्लंडातल्या वास्तुविशारदाने आखल्या. दीक्षान्त सभागृह १८७४ साली, ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. त्या इमारतींभोवतीची बाग पाहण्याजोगी आहे. पण मुंबईतल्या पिढ्यांनी अंग टाकले ते समोरच्या ओव्हल मैदानावर, जिथले गवत क्रिकेटने विरळ झालेले असते.

पुण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. गणेशखिंडीतली आजची विद्यापीठाची मुख्य इमारत १८६४ ते १८७१ या काळात मुंबईच्या गव्हर्नरांच्या निवासासाठी बांधली गेली. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा सोहळा तिथेच झाला आणि तिथून परतताना चापेकर बंधूंनी रँडला गाठले. म्हणजे ते आवार आखले गेले सरकारी पाहुण्यांसाठी, बग्गीतून उतरताना दिसावे म्हणून. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे ही वास्तू त्याला मिळाली. इमारत बदलली नाही, रहिवासी बदलले. गव्हर्नरच्या बागेत विद्यार्थ्यांनी कुठे बसायचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. त्यांनी तो आपल्या परीने सोडवला: दर्शनी हिरवळ सोडून वडाची सावली, ग्रंथालयाच्या पायऱ्या आणि कँटीनचा परिसर धरून.

ऊन, पाऊस आणि वेळापत्रक

हक्काचा मुद्दा बाजूला ठेवला तरी एक साधा भौतिक प्रश्न उरतो, आणि आपल्या चर्चेत तो कधी येत नाही. इंग्लंडात हिरवळीवर बसण्याचे सुख उन्हाचे सुख आहे. ठाण्यात ते सावलीचे सुख आहे. हिरवळीच्या गवताला दिवसातले बरेच तास थेट ऊन लागते. झाडाखाली ते विरळ होते आणि मरते. त्यामुळे चांगली हिरवळ राखायची तर मधोमध मोठे झाड नको. आणि झाड नसेल तर अकरा ते तीन या वेळेत, म्हणजे विद्यार्थ्यांना मोकळा तास असतो नेमका तेव्हा, तिथे कोणी बसू शकत नाही. गवताची गरज आणि विद्यार्थ्यांची गरज एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

वर्षाचे गणितही पाहावे. आमच्या भागात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. सत्राचे हे पहिले महिने हिरवळ सर्वांत हिरवी आणि बसायला सर्वांत निरुपयोगी असते. ऑक्टोबरमध्ये उन्हाचा चटका. डिसेंबर-जानेवारीत दुपार सुसह्य होते. पण तेव्हाच स्नेहसंमेलनाचा मांडव हिरवळीवर पडतो. मार्चपासून पुन्हा ऊन आणि परीक्षा.

शिवाय माणसांच्या पायांनी माती दाबली जाते. दाबलेल्या मातीत हवा आणि पाणी खेळत नाही, मुळे गुदमरतात, गवत पिवळे पडून टक्कल पडते. रोज शेकडो मुले बसली तर हिरवळ हिरवी राहणार नाही, हे माळ्याचे म्हणणे खरे आहे. 'हिरवळीवर बसू नये' या पाटीमागे कोणाचा दुष्टपणा नाही. ज्या गोष्टीचा वापर तिलाच मारतो, अशी गोष्ट आपण आवाराच्या मधोमध वापरासाठी म्हणून ठेवतो, एवढीच विसंगती आहे.

पारावरून कट्ट्यावर

आपल्याकडे मोकळ्या जागेत बसण्याची संस्था नव्हती असे नाही. गावातला पार तीच. वड किंवा पिंपळ, त्याच्या बुंध्याभोवती दगडमातीचा ओटा, वर दाट सावली. पारावर येण्याला कारण द्यावे लागत नाही. तिथे बातमी येते, वाद होतात, म्हातारे पेंगतात, वाटसरू टेकतो. हे लिहिताना पाराला सोवळे देऊन चालणार नाही: पारावर कोणी बसायचे आणि कोणी दुरूनच जायचे, हे गावाच्या जातव्यवस्थेने ठरवलेले होते, आणि बायकांची जागा पारापेक्षा पाणवठ्यावर होती. दलित आत्मकथनांनी ही बाजू आपल्याला सांगितली आहे. तरीही रचना म्हणून पाराने तीन गोष्टी एकत्र आणल्या होत्या: सावली, टेकायला कड आणि विनाकारण बसण्याची मुभा.

शहरातला कट्टा हा पाराचा वंशज. झाड असेल तर उत्तम. नसेल तर इमारतीची सावली, बसस्टॉपचे छप्पर, दुकानाचा बंद शटरही चालतो. कट्ट्यावर बसले की पाठ झाकलेली राहते आणि समोरून जाणारे सगळे दिसतात. दोघे बसू शकतात, बारा जणही बसू शकतात, आणि एकटा बसलेला विचित्र दिसत नाही. मराठी माणसाला ही रचना इतकी जवळची की साहित्यिक गप्पांच्या उपक्रमालाही आम्ही ठाण्यात 'अत्रे कट्टा' असेच नाव दिले. 'अत्रे हिरवळ' असे नाव कोणाला सुचले नसते.

न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट यांनी अगदी वेगळ्या वाटेने इथेच येऊन मुक्काम केला. १९६१ च्या नियमांनुसार उंच इमारतींच्या मालकांना, खाली मोकळा चौक ठेवला तर जास्त मजले बांधायला मिळत. चौक झाले, पण बरेचसे ओस राहिले. व्हाइट यांनी कॅमेरे लावून माणसे कुठे थांबतात ते पाहिले आणि १९८० साली पुस्तक लिहिले. निष्कर्ष जवळजवळ हास्यास्पद वाटावा इतका साधा होता: जिथे बसायला जागा आहे तिथे माणसे बसतात. चौकाचा आकार, त्याची शोभा यांपेक्षा टेकता येणारी कड, ऊन-सावली आणि जवळ मिळणारे खाणे यांवर सगळे अवलंबून होते. मराठी कादंबरीकारांना हे कॅमेऱ्याशिवाय दिसले होते.

दोन देशी प्रयोग

हिरवळीला पर्याय म्हणजे सिमेंटचा कट्टा, एवढ्यावर थांबले तर चर्चा अपुरी राहील. हिरव्या जागेचा शिक्षणाशी वेगळा संबंध जोडणारे प्रयोग महाराष्ट्रात झाले आहेत आणि त्यांतला एक तर आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात, हे पाहिल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. इथे गवत हे दृश्य नव्हते. मुलाचे काम जिथे आहे तिथे शिक्षण गेले आणि गवत त्या शिक्षणाची जमीन झाले. कोसबाड आज पालघर जिल्ह्यात मोडते. पण ठाण्याच्या शैक्षणिक इतिहासातून कुरणशाळा वजा करता येत नाही.

दुसरा प्रयोग औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तिथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि आवाराला 'नागसेनवन'. राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्षू नागसेन उत्तरे देतो, हा पाली ग्रंथातला संवाद या नावांमागे आहे. एका महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव द्यावे आणि त्याच्या भोवतीच्या भूमीला 'वन' म्हणावे, ही मला मराठी मुलखातली आवाराविषयीची सर्वांत प्रगल्भ कल्पना वाटते. 'उद्यान' म्हटले की राखणदार येतो, 'हिरवळ' म्हटली की पाटी येते. वनात शिरायला परवानगी लागत नाही. ज्यांना पाण्यापासून, पारापासून दूर ठेवले गेले त्यांच्या मुलांसाठी हे नाव निवडले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात दलित साहित्याची जी घडण झाली, 'अस्मितादर्श'सारखे नियतकालिक ज्या वातावरणातून आले, त्यात वर्गांइतकाच वाटा आवारातल्या चर्चांचा असणार, असे माझे अनुमान आहे. साहित्यिक चळवळी तासाच्या घंटेबरहुकूम जन्मत नाहीत.

कोपरीहून पाहताना

आता माझ्या खिडकीकडे येते. कोपरी म्हणजे ठाण्याचा रुळांपलीकडचा, पूर्वेकडचा भाग. जुने कोळी गाव, फाळणीनंतर वसलेली सिंधी कुटुंबे, चाळी, दाटीने उभ्या इमारती, एका टोकाला मीठबंदर आणि खाडी. इथली बहुतेक मुले कॉलेजला जाण्यासाठी स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरतात. काहींची वाट चेंदणी बंदर रस्त्याने जाते, जिथे १९३५ साली स्थापन झालेल्या विद्या प्रसारक मंडळाचे 'ज्ञानद्वीप' हे आवार आहे. बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आणि जोशी-बेडेकर महाविद्यालय तिथे १९६९ पासून चालते. आवाराच्या पाठीशी ठाण्याची खाडी आणि तिवरांची हिरवी भिंत आहे. २०२२ साली या खाडीला रामसर क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. तिवरांत कोणी बसायला जात नाही, जाऊही नये. पण वर्गाच्या खिडकीतून भरती-ओहोटी दिसणे ही लहान गोष्ट नव्हे.

इथे हिरवळीच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद मांडायला हवा. हिरवे नुसते पाहण्यालाही मोल आहे. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत पाहणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. तेव्हा न बसता येणारी हिरवळ निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. पण रुग्णाला खाटेवरून उठता येत नव्हते म्हणून त्याच्यासाठी खिडकी हेच सर्वस्व होते. अठरा वर्षांच्या मुलीला उठता येते, चालता येते. तिला फक्त खिडकी देणे म्हणजे तिला रुग्ण समजणे.

मी जिथे शिकवते त्या महाविद्यालयाचे नाव सांगण्याची गरज नाही; असे आमच्याकडे एकच आहे असे नाही. तिथे गुलमोहराखाली एक जुना कट्टा होता. एका पाहणी समितीच्या भेटीआधी तो तोडला, हिरवळ तिथपर्यंत वाढवली, भोवती तार ओढली आणि पाटी लावली. समिती आली, गेली. मुले दुचाकींच्या स्टँडच्या कठड्यावर आणि परीक्षा विभागाच्या जिन्यावर सरकली. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "मॅडम, बाग छान झालीय. पण आम्ही बसायचं कुठे?"

या प्रश्नातला 'आम्ही' कोण, हे मला त्यानंतर हळूहळू कळले. निबंधासाठी 'माझी आवडती जागा' असा विषय दिला, तेव्हा बाग कोणीच लिहिली नाही. तो कट्टा मात्र अनेकांनी लिहिला. एकाने लिहिले की वागळे इस्टेटमध्ये रात्रपाळी करून तो थेट कॉलेजला येतो आणि पहिल्या तासाआधी तिथे पाठ टेकतो. एकीने लिहिले की घरी एका खोलीत पाच जण असतात, त्यामुळे मैत्रिणीशी खरे बोलणे तिथेच होते. एकीने लिहिले की आईला फोनवर काय सांगायचे हे ती तिथे बसून ठरवते. प्रेमाबद्दल कोणी लिहिले नाही. ते शिक्षिकेला लिहून द्यायचे नसते, एवढे शहाणपण त्यांच्याकडे आहे. सौंदर्याचा उल्लेख क्वचित होता, 'शांत' हा शब्द होता, आणि 'कोणी उठवत नाही' हे वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा होते.

व्यवस्थापनाची बाजूही मी ऐकली आहे. कचरा होतो, बाहेरची मुले येतात, जोडपी बसतात, पालक तक्रार करतात, काही घडले तर जबाबदारी कॉलेजवर. यांतल्या कोणत्याही अडचणीला मी खोटे म्हणत नाही. पण आवारातून उठवलेली मुलगी घरी जातेच असे नाही. ती स्टेशनच्या पुलावर उभी राहते किंवा तलावपाळीवर जाते. पैसे असतील तर कॅफेत एक कॉफी दोन तास पुरवते. बागांची फाटके दुपारी बहुधा बंद असतात. मुलांपेक्षा मुलींचे पर्याय लवकर संपतात, कारण नाक्यावर उभा राहिलेला मुलगा 'टाइमपास' करत असतो आणि उभी राहिलेली मुलगी 'कोणाची तरी वाट पाहत' असते. आवारातली सुरक्षित जागा काढून घेतली तर धोका कमी होत नाही, कुंपणाबाहेर सरकतो.

ही भूक किती मोठी आहे हे पाहायचे असेल तर दिवाळीच्या पहिल्या पहाटे आमच्याकडे यावे. ठाण्यात राम मारुती रस्ता आणि तलावपाळी, डोंबिवलीत फडके रोड. नवे कपडे घातलेली हजारो तरुण मुले-मुली रस्ताभर उभी असतात. विशेष काही करत नाहीत. भेटतात, पाहतात, दिसतात, जुन्या वर्गमित्रांना हाका मारतात. वाहतूक वळवली जाते, वर्तमानपत्रांत कौतुकाने छायाचित्रे येतात. हा उत्सव मलाही आवडतो. पण तो समीक्षकाच्या नजरेने पाहिला तर दिसते ते असे: महाविद्यालयाच्या मधल्या मोकळ्या जागेने वर्षभर जे द्यायचे ते एका सकाळी रस्त्याकडून उसने घेतले जात आहे.

काय मोजायचे?

आपल्याकडे आवाराचे मूल्यमापन होत नाही असे नाही. राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद, म्हणजे 'नॅक', १९९४ पासून काम करते. तिच्या सातव्या निकषात हरित आवाराचा समावेश आहे: वाहनांवर निर्बंध, पादचारी वाटा, प्लास्टिकबंदी, झाडाझुडपांची लागवड, हरित लेखापरीक्षण. या गोष्टी चांगल्याच आहेत. त्यांच्यामुळे अनेक आवारांत झाडे लागली. पण हे सगळे प्रश्न जागेला विचारलेले आहेत, माणसांना नाहीत. किती झाडे, हे विचारले जाते. त्यांतल्या किती झाडांखाली बसता येते, हे नाही. विद्यार्थी-समाधान सर्वेक्षणाचा भर तर शिकवण्या-शिकण्यावर असतो, आणि तासांच्या मधला वेळ हा जणू विद्यार्थ्याच्या आयुष्याचा भागच नाही.

जे मोजले जाते ते राखले जाते. म्हणून मोजण्याचे प्रश्न बदलावेत, एवढीच या लेखाची व्यावहारिक मागणी आहे. दुपारी एक वाजता आवारात सावलीत किती जण बसू शकतात? त्यासाठी परवानगी, ओळखपत्र किंवा खरेदी लागते का? तिथून पाणी आणि मुलींचे स्वच्छतागृह किती पावलांवर आहे? पावसात तिथे छप्पर आहे का? एकटी विद्यार्थिनी अर्धा तास बसली तर तिला कोणी हटकते का? आणि कट्टे बांधताना झाडांचाही विचार व्हावा. बुंध्याला सिमेंटने आवळलेले झाड गुदमरते. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले होते. हे पथ्य कोणत्याही आवारात पाळण्याजोगे आहे.

साहित्याचे काय? माझ्या वर्गातून बाहेर पडणाऱ्यांपैकी कोणी तरी एक दिवस ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या महाविद्यालयाची कादंबरी लिहील. त्यात लोकल असेल, क्लासेस असतील, मोबाइल असेल, अर्धवेळ नोकरी असेल. ती मुले कुठे बसलेली असतील, हे लेखक ठरवणार नाही. आज आवार आखणारे ठरवत आहेत. परीक्षा विभागाच्या जिन्यावर बसलेल्या मुलांची कादंबरीही चांगली होऊ शकते, मराठी लेखकांनी तेवढे सिद्ध केले आहे. फक्त तिच्यातही बाग नसेल, आणि तेव्हाच्या समीक्षकाला ती का नाही हे पुन्हा शोधावे लागेल.